नदीकाठची झाडे गावाच्या रस्त्यावर

कन्नड गावाजवळची शिवना नदी आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिली असेल. श्रावणात तिला लोंढा येतो आणि वैशाखात तिच्याच पात्रातील वाळू पायांस चटके देते. सन २०२१ च्या ऑगस्टअखेर अतिवृष्टीने औट्रम घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली. आणि १९७२ चा दुष्काळ वडील माणसे अद्यापि विसरली नाहीत. जेथे पूर व अवर्षण हे पाठोपाठ येतात, तेथे रस्त्याच्या कडेस कोणते झाड लावावे?

करंज, जांभूळ, अर्जुनसादडा ही ओढ्याकाठची झाडे लावावीत, असे आम्ही म्हणतो. यावर कोणी विचारील की, ज्यांचे पाय पाण्यात, त्यांस कोरड्या रस्त्यावर का न्यावे? शंका रास्त आहे.

मुळांस पाण्याइतकीच हवाही लागते, ही गोष्ट आपण बहुधा विसरतो. मातीच्या कणांमधील पोकळीतून हवा मुळांपर्यंत पोहोचते. पुरात ही पोकळी पाण्याने भरते. आणि पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे १०,००० पट मंद गतीने सरकतो. म्हणून पुष्कळ झाडे पाण्यात उभी असूनच गुदमरून वाळतात. आता गावातील रस्ता पाहा. धुमस व रूळ फिरवून तेथील माती दाबलेली असते, तेव्हा तीच पोकळी चेपून जाते. पुरात बुडणे व रस्त्याखाली दडपणे, मुळास ही दोन्ही संकटे एकाच जातीची होत. पाणथळीत वाढणारी कित्येक झाडे खोडाच्या बुंध्यावरील छिद्रे फुगवून हवा घेतात, किंवा पृष्ठभागाजवळ नवी मुळे फोडतात. ज्यास ही विद्या अवगत आहे, त्यास दडपलेली माती फारशी भीत घालीत नाही. नवी दिल्ली वसविताना राजपथाच्या (२०२२ पासून कर्तव्यपथ) दुतर्फा जांभळे लावली गेली, ती शहराच्या मातीत मोठी झाली.

परंतु अवर्षण सोसणे हा निराळा गुण आहे, व तो पाणथळीतील प्रत्येक झाडात असतोच असे नाही. वाळुंजाखालचे पाणी आटले की ते लवकर खंगते. करंजाचे तसे नाही. तो खोल सोटमूळ धाडतो आणि उन्हाळ्यात जुनी पाने टाकून थोड्याच दिवसांत नवी पालवी घेतो. म्हणून बी जमवावयाचे, ते आठ महिने कोरड्या राहणाऱ्या नाल्याकाठच्या झाडाचे जमवावे. बारमाही पाटाकाठचे शक्यतो नको. उंबरही कणखर खरा, पण तो भिंतीजवळ लावू नये. त्याची मुळे पाया उचलतात.

आमच्या काळ्या जमिनीची खोड वेगळीच. ती पावसाळ्यात फुगून हवा कोंडते, उन्हाळ्यात भेगाळून कोवळी मुळे तोडते. तीत अरुंद खड्डा खणून भुसभुशीत खतमाती भरली, तर खड्ड्याचे घंगाळ होते व रोप त्यातच कुजते. याकरिता खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करावा, त्याच्या बाजू कुदळीने खरवडाव्या व तीच माती थोडे खत मिसळून परत लोटावी. नाल्यालगत रोप उंच असावे, कारण शेंड्यापर्यंत बुडालेले कोवळे झाड क्वचितच वाचते. पहिले तीन उन्हाळे पाणी अवश्य द्यावे. मात्र रोज तांब्याभर नव्हे, तर आठवड्यातून एकदा दोन-तीन घागरी, म्हणजे मुळे ओलीमागे खाली उतरतील.