तांबड्या खारीच्या शोधात

खार हा प्राणी तुम्हांपैकी प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. अंगणातील माडावर, शाळेच्या आवारातील आंब्यावर तिची धावपळ दिवसभर चालू असते. आम्हां कोकणी भाषिकांच्या घरी तिला ‘चानी’ म्हणतात. सेतुबंधनाच्या वेळी तिने वाळूचे कण वाहून नेले, म्हणून श्रीरामांनी तिच्या पाठीवरून प्रेमाने बोटे फिरविली व त्यांचेच पट्टे उमटले, ही गोष्ट तुम्ही आजीच्या तोंडून ऐकलीच असेल. जे रोज डोळ्यांसमोर असते ते एक दिवस दिसेनासे होईल, असे आपल्या मनात कधी येत नाही. आणि ते दिसेनासे झालेच, तर नेमके केव्हापासून, हेही सांगता येत नाही. ब्रिटनमधील लोकांना त्यांच्या तांबड्या खारीच्या बाबतीत हाच अनुभव आला. तिच्या शोधाची हकीगत या लेखात सांगण्याचे योजिले आहे.

तांबडी खार ही ब्रिटनची मूळची रहिवासी. वजन सुमारे तीनशे ग्रॅम, अंग विटकरी रंगाचे, पोट पांढरे, शेपटी झुबकेदार. हिवाळ्यात तिच्या कानांच्या टोकांवर केसांचे उंच तुरे येतात. युरोप व उत्तर आशियाच्या विस्तीर्ण अरण्यांत तिची जात आजही नांदते आहे. तथापि ब्रिटनमध्ये मात्र तिचा ऱ्हास झाला. १८७६ साली चेशायर परगण्यातील हेनबरी पार्क येथे उत्तर अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारी मोकळ्या सोडण्यात आल्या, अशी नोंद आहे. पुढे इतर श्रीमंतांनीही आपल्या उपवनांची शोभा वाढविण्यासाठी हाच प्रकार केला. या हौसेचे परिणाम ध्यानात येऊन १९३७ साली करड्या खारी आणण्यास व पाळण्यास कायद्याने बंदी झाली. पण तोवर त्या सर्वत्र पसरल्या होत्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार ब्रिटनमध्ये करड्या खारी सुमारे २७ लाख, तर तांबड्या अवघ्या २ लाख ८७ हजार; त्यांतीलही बहुतेक स्कॉटलंडमध्ये.

करडी खार तांबडीला ठार मारते, असा एक समज आहे; तो खरा नव्हे. करडी वजनाने जवळजवळ दुप्पट असते आणि ओक वृक्षाची फळे पुरती पिकण्यापूर्वीच ती खाऊन पचवू शकते. त्यामुळे रुंद पानांच्या जंगलात तांबडीच्या वाट्याला अन्न कमी उरते. याहून भयंकर म्हणजे देवीसारखा एक रोग. त्याचे विषाणू करडीच्या शरीरात असूनही तिला सहसा बाधा होत नाही. तांबडीला मात्र डोळ्यांभोवती, ओठांवर व पंजांवर फोड येतात आणि ती बहुधा दोन-तीन आठवड्यांत मरते. इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील फॉर्मबी येथे २००८ साली या रोगाच्या साथीने तेथील बहुसंख्य तांबड्या खारी नष्ट झाल्या.

आता शोधाकडे वळू. हे काम करणाऱ्यांत शास्त्रज्ञ व वनाधिकारी असतातच; परंतु फार मोठा भाग गावोगावच्या सामान्य स्वयंसेवकांचा आहे. पद्धत साधी, पण कसोटी पाहणारी. वारा नसलेल्या कोरड्या दिवशी, सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत, आधी आखून ठेवलेल्या वाटेने सावकाश चालावयाचे. दर शंभर-एक मीटरांवर थांबून पाच मिनिटे निश्चल उभे राहावयाचे. डोळे वर झाडांच्या शेंड्यांकडे आणि कान फांद्यांच्या खसफशीकडे. खार दिसली तर वेळ, जागा व संख्या वहीत लिहावयाची. नाही दिसली, तर ‘नाही’ असे तितक्याच काळजीने लिहावयाचे.

खार दिसली नाही, तरी तिच्या खुणा दिसतात. फूटभर व्यासाचे काटक्यांचे गोल घरटे खोडाला लगटून बांधलेले असते. पाइन वृक्षाच्या शंकूसारख्या फळांचे खवले ओरबाडून ती आतले बी खाते आणि दाणे काढलेल्या कणसासारखा दांडा खाली टाकते. हेझलच्या कवचाची सरळ दोन शकले झालेली आढळतात. परंतु घोटाळा असा की, करडी खारही अगदी अशाच खुणा ठेवते. रंगावरही सर्वस्वी विसंबता येत नाही. उन्हाळ्यात कित्येक करड्या खारींच्या पाठीवर तांबूस छटा येते आणि हिवाळ्यात तांबडीचे अंग राखी दिसू लागते.

म्हणून शोधकांनी एक युक्ती काढली. झाडावर खाऊ ठेवलेली नळी किंवा पेटी बांधतात व तिच्या आतील बाजूस चिकट पट्टी लावतात. खार आत शिरली की, पाठीचे चार केस पट्टीला चिकटून राहतात. ते शाईने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की, तांबडीच्या केसावर लांबट पन्हळ स्पष्ट दिसते. करडीच्या केसावर ती नसते. अलीकडे आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरेही वापरतात.

या खटाटोपाचे फळ काय, हे पाहावयाचे असेल तर वेल्समधील अँगलसी बेटाकडे जावे. मेनाई सामुद्रधुनीने ते मुख्य भूमीपासून वेगळे झाले आहे. पण सामुद्रधुनीवर पूल आहेत. करड्या खारी बेटावर पोहोचल्या आणि १९९८ च्या सुमारास तेथे जेमतेम चाळीस तांबड्या खारी उरल्या, त्याही एकाच वनात. त्याच साली करड्या खारी पकडून नाहीशा करण्याचे काम हाती घेण्यात आले. ते दीड तप चालले. करड्या संपल्या आणि तांबड्यांची संख्या सातशेच्या घरात गेली. काही तांबड्या खारी तर सामुद्रधुनी ओलांडून पलीकडच्या वनांतही वस्तीस गेल्या. ‘चाळीस’ हा आकडा कोणी मोजलाच नसता, तर हे काम वेळेवर सुरू झाले असते काय?

हीच हकीगत मी आठवीच्या वर्गात सांगत होते. सारा वर्ग आनंदला होता. एवढ्यात मागच्या बाकावरील एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, पण त्या करड्या खारीचा काय अपराध?”

वर्ग एकदम शांत झाला. माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते. आजही पूर्ण समाधान करील असे नाही. करडीचा अपराध काहीच नाही. तिला पिंजऱ्यात घालून समुद्रापार आणले ते माणसाने. माणसाची मर्जी किती चंचल असते पाहा: विसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात याच तांबड्या खारींना ‘झाडांची नासधूस करणाऱ्या’ ठरवून त्यांच्या शिकारीसाठी मंडळ काढले होते आणि हजारो खारी मारल्या होत्या. आज तिला १९८१ च्या कायद्याचे संरक्षण आहे. मी त्या मुलाला एवढेच सांगितले की, एका पिढीने हौसेपोटी केलेली चूक निस्तरताना पुढच्या पिढीला कठोर कर्म करावे लागते, आणि ते करताना त्याचे दुःख वाटणेही आवश्यक आहे. काही ठिकाणी सौम्य उपायही दिसू लागला आहे. आयर्लंडच्या मध्यभागी पाइन मार्टेन नावाचा चपळ शिकारी प्राणी पुन्हा वाढू लागल्यावर करड्या खारी घटल्या व तांबड्या परतल्या, असे अभ्यासकांना आढळून आले. जे काम माणसाला बंदुकीने व सापळ्याने करावे लागते, ते तेथे निसर्गाच्या हातून होत आहे.

मुलांनो, आपल्या चानीवर असे संकट आल्याचे मी म्हणत नाही. पण आपल्या गावात पूर्वी काय होते आणि आता काय उरले, हे विचारले तर आपल्याजवळ आठवणी असतात, नोंदी नसतात. या सुटीत एक साधी वही करा. रोज सकाळी एकाच ठिकाणी, एकाच वेळी पंधरा मिनिटे उभे राहा. तारीख घाला. किती खारी दिसल्या, कोणते पक्षी आले, ते लिहा. ज्या दिवशी काहीच दिसणार नाही, त्या दिवशीचे पान कोरे सोडू नका. ‘आज दिसली नाही’ असे लिहा. अँगलसीच्या वनात जे चालत होते, त्यांच्याही वह्यांत अशी पाने कमी नसतील.