म्युझिक स्ट्रीमरचा अॅडॉप्टर बदलावा का? ओहमच्या नियमाचा घरगुती पाठ



वाय-फायवरून गाणी घेऊन ती स्पीकरकडे पाठवणारं छोटं यंत्र म्हणजे म्युझिक स्ट्रीमर. रास्पबेरी पाय 4 हा छोटा संगणक वापरून तो घरी कमी खर्चात तयार करता येतो. गाणं मध्येच थांबलं किंवा स्पीकरमधून घुंई असा आवाज आला, की महागडा पॉवर सप्लाय घ्या असा सल्ला मिळतो. पण खर्च करण्याआधी दोष कुठे आहे ते शोधायला हवं. हा शोध मुलांना सोबत घेऊन करा. ओहमचा नियम त्यांना पुस्तकाबाहेर भेटेल.

1) अॅडॉप्टरवरचे आकडे वाचणे

या यंत्राच्या अधिकृत अॅडॉप्टरवर 5.1 व्होल्ट, 3 अँपिअर असं लिहिलेलं असतं. व्होल्ट जुळलेच पाहिजेत. 12 व्होल्टचा अॅडॉप्टर लावला तर यंत्र जळू शकतं. अँपिअर मात्र जास्त असले तरी चालतात, कारण यंत्र गरजेपुरतीच धारा घेतं. कमी असले तर अडचण येते. मोबाईलचा जुना 1 अँपिअरचा चार्जर इथे कमी पडतो तो यामुळेच.

2) केबलचं गणित

समजा, केबलच्या दोन्ही तारांचा मिळून रोध 0.2 ओहम आहे. स्ट्रीमरला हार्ड डिस्क जोडल्यामुळे तो 2 अँपिअर धारा घेतोय.

विभवांतरातील घट = धारा × रोध = 2 × 0.2 = 0.4 व्होल्ट

5 व्होल्टमधून 0.4 गेले, उरले 4.6. साधारण 4.63 व्होल्टच्या खाली गेलं की रास्पबेरी पाय कमी दाबाची सूचना देतो. त्याचा वेग कमी होऊ शकतो, गाणं अडखळतं, कधी यंत्र पुन्हा सुरू होतं. 5.1 व्होल्ट असते तर 4.7 उरले असते! म्हणजे कधीकधी आखूड, जाड तारेची केबल एवढाच उपाय पुरतो. इंटरनेट मंद असेल तरीही गाणं थांबतं, तेही तपासा.

3) पॉवर बँकेचा प्रयोग

घुंई येत असेल तर स्ट्रीमर अॅडॉप्टरवरून काढून 5 व्होल्ट, 3 अँपिअर देणाऱ्या पॉवर बँकेवर चालवा. अॅम्प्लिफायर तसाच राहू द्या.

- घुंई तशीच राहिली, तर दोष बहुधा अॅम्प्लिफायरमध्ये किंवा ऑडिओ वायरमध्ये आहे. नवा सप्लाय घेऊन उपयोग नाही.
- घुंई गेली, तर अॅडॉप्टर किंवा अर्थिंग यांपैकी एक कारण आहे. आता अॅडॉप्टर आणि अॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून पाहा. तरीही आवाज आला तर दुसरा चांगला अॅडॉप्टर लावून पाहा.

दोन्हीपैकी कोणताच त्रास नसेल तर अॅडॉप्टर बदलायचं कारण नाही. पैसे वाचवा, चांगल्या स्पीकरला उपयोगी पडतील.

सूचना: अॅडॉप्टर कधीही उघडू नका. आत 230 व्होल्टचा पुरवठा येतो आणि प्लग काढल्यावरही काही भागांत विद्युतप्रभार राहतो. खरेदी करताना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि नोंदणी क्रमांक बघा.

मुलांना विचारा

1. केबल निम्म्या लांबीची घेतली तर घट किती होईल?
2. पॉवर बँक लावताना अॅम्प्लिफायर का बदलायचा नाही?

दुसऱ्या प्रश्नाला घाई करू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे उत्तर मुलांकडूनच आलं की पाठ पूर्ण झाला असं समजा.