तबकडी किती वीज खाते?



गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी हे गाव तुम्हांला इतिहासाच्या पुस्तकामुळे ठाऊक असेल. १६७४ साली प्रतापराव गुजर आपल्या सहा शिलेदारांसह तेथे धारातीर्थी पडले. आज मात्र आपल्याला नेसरीतील एखाद्या घराच्या ओसरीवर, विजेच्या मीटरपुढे, हातात घड्याळ घेऊन उभे राहायचे आहे. संगणकाच्या पोटात फिरणारी चुंबकीय तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, किती वीज खाते, हे मोजायचे आहे.

तबकडीच्या डब्यावर आकडे छापलेले असतात. समजा, ते ५ व्होल्ट ०.७ अँपिअर आणि १२ व्होल्ट ०.५५ अँपिअर असे आहेत. गुणाकार करून बेरीज केली, तर १०.१ वॅट येतात. पण हे आपले उत्तर नव्हे. एस.टी.त 'आसने ५०' असे लिहिलेले असते, म्हणून आत ५० च माणसे असतात काय? कधी वीस असतात, कधी सत्तर! तबकडीचेही तसेच आहे. नुसती फिरत असता ती बरीच कमी वीज घेते. उलट स्थिर तबकडी फिरू लागताना काही सेकंद १२ व्होल्टच्या तारेतून २ अँपिअरपर्यंत, म्हणजे २४ वॅट, ओढू शकते.

तेव्हा मोजणेच बरे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी '३२०० इम्पल्स प्रति किलोवॅट-तास' असे काही लिहिलेले असते. एक युनिट म्हणजे ३६,००,००० ज्यूल. त्यास ३२०० ने भागा. दर लुकलुकीस ११२५ ज्यूल! (जुन्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरे, त्या काळी एका चकतीने दुसरीचा हिशेब ठेवला असता.)

घरातील पंखा, फ्रीज, दिवे सर्व बंद करा. ज्यात दोन तबकड्या आहेत असा संगणक घ्या, कारण जिच्यावर मुख्य प्रणाली आहे ती काढता येत नाही. संगणक बंद करून, प्लग उपसून, शिक्षकांकडून दुसरी तबकडी सोडवून घ्या. मीटरला किंवा वीजपुरवठ्याच्या डब्याला मात्र हात लावू नका. आता संगणक सुरू करून दहा मिनिटे स्थिरावू द्या आणि १०० लुकलुकी मोजा. पहिल्या लुकलुकीला 'शून्य' म्हणायचे, 'एक' नव्हे. येथे पुष्कळजण चुकतात.

उदाहरणादाखल, १८७५ सेकंद लागले असे धरू. ११२५ × १०० ÷ १८७५ = ६० वॅट. तबकडी पुन्हा जोडून मोजले, तर १७०५ सेकंद लागले. म्हणजे सुमारे ६६ वॅट. फरक ६ वॅट.

एवढा वेळ ताटकळत का उभे राहायचे? एकच लुकलुकी मोजली, तर काळ १८.७५ आणि १७.०५ सेकंद येतील. घड्याळ दाबताना अर्ध्या सेकंदाची चूक झाली, की दीड वॅटाहून अधिक फरक पडतो. मोजायचे आहेत सहा वॅट, आणि चूक दीडाची! शंभर लुकलुकींत तीच चूक शंभरपट लहान होते. तरीही प्रयोग तीनदा करा. संगणकाचे काम आपोआप कमीजास्त होत असते.

शिवाय हे सहा वॅट भिंतीपाशी मोजलेले आहेत. वीजपुरवठ्याच्या डब्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर तबकडीपर्यंत ४.८ वॅटच पोहोचले. बाकीची उष्णता झाली. फाइलींची नक्कल चालू असताना मोजाल, तर फरक वाढेल. पण तो सगळा तबकडीच्या नावावर मांडू नका, त्या वेळी प्रोसेसरही राबत असतो.

दिवसाला ६ तास, वर्षाला २२० दिवस संगणक चालला, तर या तबकडीपायी सुमारे ८ युनिटे जातात. रात्रंदिवस चालू ठेवला, तर ५२ च्या वर!

आता ही वीज जाते कोठे? मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या, ९५ मिलिमीटर व्यासाच्या तबकडीची कड ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने धावते. तिला हवेचा विरोध होतो, आणि तो मोडण्यातच मोटारीची बरीच शक्ती खर्ची पडते. म्हणून २०१३ पासून काही तबकड्यांच्या बंद डब्यांत हेलियम भरू लागले; त्याची घनता हवेच्या जेमतेम एक सप्तमांश असते.

एस.एस.डी. या साठवणीत तर काहीच फिरत नाही. काम नसताना ती एक वॅटही घेत नाही, असे अनेकदा आढळते. तिचा खर्च याच मीटरवर मोजायचा झाला, तर तुम्ही किती लुकलुकी मोजाल?