डेटाबेस-व्यवस्थापकाचा व्यवसाय : आज व उद्यां

शालान्त परीक्षा जवळ आली म्हणजे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढें एकच प्रश्न उभा राहतो : पुढें काय ? ज्यांचा ओढा संगणकाकडे आहे, त्यांच्या मनांत हल्लीं आणखी एक शंका येते. जें काम यंत्र आपण होऊन करूं लागलें आहे, तें शिकण्यांत उमेदीचीं वर्षें घालावीं काय ? ही शंका रास्त आहे. पण तिचें उत्तर सर्व व्यवसायांस एकदम लागू पडेल असें देतां येणार नाहीं. म्हणून आपण एकच व्यवसाय घेऊं व त्याची छाननी करूं. तो व्यवसाय म्हणजे डेटाबेस-व्यवस्थापकाचा.

प्रथम डेटाबेस म्हणजे काय तें पाहूं. शाळेच्या कचेरींत दोन वह्या आहेत असें समजा. एकींत विद्यार्थ्याचा क्रमांक, नांव व इयत्ता. दुसरींत क्रमांक, तारीख व भरलेली फी. क्रमांक दोहोंत सामाईक असल्यामुळें कोणी किती फी भरली हें नांवासह सांगतां येतें, आणि नांव पुनःपुन्हां लिहावें लागत नाहीं. ही साधी दिसणारी कल्पना आय. बी. एम. कंपनींतील एडगर कॉड यांनीं १९७० सालीं शास्त्रशुद्ध रीतीनें मांडली. त्याच कंपनींतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं १९७४ सालीं अशा कोष्टकांस प्रश्न विचारण्याची भाषा रचली; तीच आज एस्. क्यू. एल्. या नांवानें प्रसिद्ध आहे. जिथें दरवर्षीं नवें यंत्र निघतें, तिथें ही भाषा अर्धशतकाहून अधिक काळ टिकून आहे, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आतां दोन वह्यांच्या जागीं हजारों कोष्टकें व कोट्यवधि नोंदी कल्पा. २९ सप्टेंबर २०१० रोजीं आपल्या नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं आधारचे पहिले क्रमांक देण्यांत आले. आज त्या क्रमांकांची संख्या १३० कोटींच्या वर गेली आहे. एवढें दप्तर सांभाळावयाचें तर चार गोष्टी अवश्य आहेत : नोंद क्षणांत सांपडली पाहिजे, ज्यास अधिकार नाहीं त्यास ती दिसतां कामा नये, तिची नकल दुसरीकडे सुरक्षित असली पाहिजे, आणि मूळ दप्तर नष्ट झालें तर नकलेवरून तें पुन्हां उभें करतां आलें पाहिजे. हीं चार कामें ज्याच्या शिरावर असतात, तो डेटाबेस-व्यवस्थापक.

या कामांत चूक झाली तर काय होतें, याचा दाखला पाहा. गिटलॅब नामक कंपनींत ३१ जानेवारी २०१७ रोजीं रात्रीं उशिरा काम करणाऱ्या एका अभियंत्यानें दुय्यम यंत्रावरील समजून मुख्य यंत्रावरील माहिती पुसण्याची आज्ञा दिली. क्षणार्धांत त्याच्या लक्षांत आलें. परंतु तोंवर सुमारें ३०० गिगाबाइट माहिती गेली होती. नकला काढण्याच्या पांच रीती योजलेल्या असूनहि त्यांतील एकहि वेळेवर धड कामास आली नाहीं. नकल काढणारा प्रोग्राम कित्येक दिवस अपयशी होत होता, व तसें कळविणारे ई-मेल कोणास पोंचतच नव्हते. सुमारें सहा तासांपूर्वीं दुसऱ्याच कारणासाठीं घेतलेली एक प्रत मिळाली, म्हणून बहुतेक सारें वांचलें. मधल्या सहा तासांच्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या. कंपनीनें ही हकीकत न लपवितां प्रसिद्ध केली, हें तिला भूषणावह आहे. परत उभी करून पाहिली नाहीं अशी नकल नसल्यासारखीच, हा यांतील धडा.

आतां यंत्राच्या शिरकावाकडे वळूं. ॲमेझॉननें २००९ सालीं डेटाबेस भाड्यानें देण्याची सेवा सुरू केली. तींत नकला काढणें व दुरुस्त्या बसविणें हीं कामें आपोआप होतात. ऑरॅकलनें २०१८ सालीं स्वतःची निगा स्वतःच राखणारा डेटाबेस बाजारांत आणला. याचा परिणाम उघड आहे. पूर्वीं यंत्र मांडणें, तबकड्यांची जागा मोजणें, रात्रीं जागून नकला काढणें यांत ज्याचा दिवस जात असे, त्याची गरज कमी झाली. आज एक व्यवस्थापक पूर्वींपेक्षां कितीतरी अधिक डेटाबेस सांभाळूं शकतो.

तर मग हा धंदा बुडाला काय ? अमेरिकेच्या श्रम-सांख्यिकी खात्यानें २०२३ ते २०३३ या दशकासाठीं केलेला अंदाज पाहा. सर्व व्यवसाय मिळून नोकऱ्या सुमारें ४ टक्के वाढतील, डेटाबेस-व्यवस्थापकांच्या ८.२ टक्के, आणि डेटाबेसची रचना आंखणाऱ्यांच्या १०.८ टक्के, असें त्यांत म्हटलें होतें. असे अंदाज वरचेवर बदलतात, व ते परदेशचे आहेत. तथापि त्यांतील फरक बोलका आहे. सांभाळणाऱ्यापेक्षां आंखणाऱ्यास मागणी अधिक. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांसहि स्वच्छ व सुव्यवस्थित माहितीच लागते. शिवाय आपल्या देशांत २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यांत सुरक्षिततेची वाजवी व्यवस्था न ठेवणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. यंत्र नकल काढील. पण कोणती माहिती कोणास दाखवावी याचा निर्णय व त्याची जबाबदारी माणसावरच राहते.

पालकांस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ही बहुधा पहिली नोकरी नव्हे. भांडाराच्या किल्ल्या नवख्याच्या हातीं कोणी देत नाहीं. प्रोग्राम लिहिणें, माहितीचें पृथक्करण करणें, ग्राहकांच्या तक्रारी सोडविणें अशा कामांत कांहीं वर्षें काढल्यावर हा अधिकार येतो. म्हणून चार महिन्यांत प्रमाणपत्र व त्यासोबत हमखास नोकरी, अशी जाहिरात दिसली तर पैसे भरण्यापूर्वीं पुरती चौकशी करावी.

विद्यार्थ्यांनीं मात्र आरंभ आजच करावा. नववीच्या गणितांतील 'संच' हा धडा मनापासून शिका. कॉड यांची सारी मांडणी त्यावरच उभी आहे. पोस्टग्रेस व मायएस्क्यूएल हे डेटाबेस विनामूल्य मिळतात व साध्या संगणकावर चालतात. त्यांत आपल्या ग्रंथालयाचीं तीन कोष्टकें करा : पुस्तकें, वाचक व देवघेव. कोणतें पुस्तक सर्वांत अधिक वाचलें गेलें, हें विचारा. मग नकल काढा, मूळ कोष्टकें पुसून टाका, आणि नकलेवरून तीं पुन्हां उभीं करा. तीं जशींच्या तशीं परत आलीं, तर या विद्येचा पहिला धडा तुम्हांस आला असें समजा.

सारांश, जो केवळ आज्ञा पाठ करील, त्याचें काम यंत्र घेईल. जो माहितीची रचना समजून घेईल व दुसऱ्याची नोंद आपल्या ठेवीप्रमाणें जपेल, त्यास या व्यवसायांत अद्याप पुष्कळ जागा आहे.