समुद्र का नाहीसा होतो?

भाईंदर पश्चिमेस राहणाऱ्यांस समुद्र म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. उत्तरेस खाडी, तिच्यापलीकडे वसई. समुद्राकडे उत्तनच्या कोळ्यांच्या होड्या. अशा ठिकाणी प्रकटीकरणाचा २१ वा अध्याय वाचावयास घेतला म्हणजे ऐकणारा पहिल्याच वचनापाशी अडखळतो. नवे आकाश व नवी पृथ्वी आली, आणि समुद्र राहिला नाही! मग कोळ्याने खावे काय? प्रश्न भोळा दिसतो, पण टाळण्याजोगा नाही. आपली जीविका देवास नकोशी आहे असे त्या मनुष्यास वाटू देणे बरे नव्हे.

प्रथम हा ग्रंथ कोणत्या जातीचा आहे ते पाहू. पंचतंत्रातले कोल्हे बोलतात म्हणून कोणी रानात जाऊन कोल्ह्यांशी बोलू लागत नाही. दानीएलाचा उत्तरार्ध व प्रकटीकरण ही प्रकटनपर वाङ्मयात मोडतात. हे लेखन विशेषेकरून छळाच्या काळी वाढले. अंतियोख एपिफानेस राजाने इ. स. पू. १६७ मध्ये यरुशलेमेचे मंदिर भ्रष्ट केले, त्या संकटाची छाया दानीएलाच्या दर्शनांवर आहे असे पुष्कळ विद्वान मानितात; योहानाचा ग्रंथ बहुतेक जण दोमितियान बादशहाच्या कारकिर्दीतला (इ. स. ८१–९६) धरितात. यांत द्रष्टा दर्शन पाहतो व दूत अर्थ सांगतो. राज्यांच्या जागी श्वापदे येतात, आकडेदेखील चिन्हे होतात. हे विसरून अमेरिकेत विल्यम मिलर याने दानीएलातील २३०० या आकड्यावरून हिशेब मांडिला, आणि २२ ऑक्टोबर १८४४ या दिवसाची वाट पाहताना कित्येकांनी शेतातले पीकही काढिले नाही.

आता समुद्र. दानीएलाच्या ७ व्या अध्यायात चार श्वापदे समुद्रातून निघतात, आणि ते चार राजे होत असे तेथेच सांगितले आहे. एज्राच्या चवथ्या पुस्तकात समुद्रातून गरुड वर येतो. ती रोमी सत्ता. प्रकटीकरण १३ मधील श्वापदही समुद्रातलेच. १७:१५ मध्ये तर जले म्हणजे लोक व राष्ट्रे, असा उलगडा दूतच करितो. पुढच्या अध्यायात बाबेलसाठी खलाशी रडतात, कारण तिचा माल गलबतांतून जाई, आणि त्या मालात माणसेही होती. योहान पात्म बेटावर, त्याच्या सात मंडळ्या आशियात, मध्ये पाणी.

तेव्हा नाहीसा होतो तो जुलूम ज्यातून वर येतो तो समुद्र. उत्तनचा कोळी जाळे टाकितो तो नव्हे. आणखी एक गोष्ट शिक्षकांनी वगळू नये. २०:१३ मध्ये समुद्र आपल्यातील मेलेले परत देतो, आणि मगच तो जातो. वादळात गेलेल्याचे प्रेतही ज्या घरास मिळाले नाही, त्या घरी हे वचन आधी वाचावे.

पाणी मात्र संपत नाही. २२ व्या अध्यायाच्या आरंभी त्याच नगरातून नदी वाहते, आणि तिच्या दोहों तीरांस झाड महिन्याच्या महिन्यास फळ देते.