पाटी हाती येण्यापूर्वी

पूर्वी खेड्यापाड्यांत जन्माची नोंद वेळेवर होत नसे. बाप मुलाचे बोट धरून शाळेत येई. गुरुजी विचारत, "वय काय याचं?"

बाप सांगे, "लिहा की सहा. मोठा पूर आला होता ना, त्या साली झालाय."

मग गुरुजी मुलाला जवळ बोलवत. "उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर बघू." बोटे कानाला लागली की मूल शाळेत दाखल. नाही लागली तर, "पुढच्या वर्षी आणा." नक्की तारीख ठाऊक नसली म्हणजे वहीत १ जून लिहून टाकत. म्हणूनच गावातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीख कागदावर १ जून असते.

या परीक्षेला आपण हसतो. पण तीत थोडे तथ्य होते. तान्ह्या मुलाचे डोके मोठे असते आणि हात आखूड असतात. मूल वाढते तसे हातपाय लांब होतात. सहा-सात वर्षांच्या सुमारास हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो. म्हणजे मुलाचे अंग किती वाढले, ते कळे. पण त्या कानाने मुलाला नीट ऐकू येते का? त्याला गोष्ट समजते का? मनातले सांगता येते का? ते कसे कळणार?

आज जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. दाखला मिळतो. वयाचा प्रश्न मिटला. दुसरा प्रश्न मात्र राहिलाच. शाळेत येणारे मूल शिकायला तयार आहे का? ही तयारी शाळा करत नाही. ती घरी होते, पहिल्या सहा वर्षांत होते. ती कशी होते, ते या धड्यात पाहू.

पहिले वर्ष

आपल्याकडे जन्मलेले मूल साधारण अडीच ते तीन किलोचे असते. ते नीट वाढले तर पाच महिन्यांत वजन दुप्पट होते आणि वर्षात तिप्पट होते. मेंदूची वाढ तर त्याहून नवलाची. मोठ्या माणसाचा मेंदू सोळा आणे धरा. दोन वर्षांच्या मुलाचा मेंदू जवळजवळ तेरा आणे वाढलेला असतो! जन्मभराची ही कमाई मूल दोन वर्षांत करते. म्हणून या दोन वर्षांत त्याच्या पोटाची आबाळ होता कामा नये.

बाळ जन्मले की पहिल्या तासातच त्याला अंगावर पाजावे. पहिले दूध पिवळसर आणि घट्ट असते. ते पिळून टाकू नये. त्यात रोगाशी झुंजण्याची ताकद असते. सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. मध नको, गुळाचे पाणी नको, घुटी नको. साधे पाणीही नको. औषध द्यायचे तर डॉक्टरांना विचारून द्यावे. सहा महिने पूर्ण झाले की मऊ वरणभात, नाचणीची पेज, कुस्करलेले केळे सुरू करावे. सोबत दोन वर्षांपर्यंत आईचे दूध चालू ठेवावे. लसी वेळच्या वेळी टोचून घ्याव्या.

आता बाळ काय काय शिकते ते पाहा. दोन महिन्यांचे झाले की माणूस पाहून हसते. चार महिन्यांत मान धरते. सहा महिन्यांत कुशीवर वळते आणि आवाजाकडे मान फिरवते. नऊ महिन्यांच्या सुमारास आधाराशिवाय बसते. अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत मुरमुरा पकडू लागते. हीच चिमूट पुढे पेन्सिल धरणार असते! वर्षाचे झाले की धरून उभे राहते, आणि एखादा शब्द बोलते.

सगळी मुले एकाच दिवशी चालत नाहीत. एका शेतातली कणसेही एकाच दिवशी भरत नाहीत. शेजारणीचा बाळू दहाव्या महिन्यात चालला आणि आपला तेराव्यात चालला, तर त्यात काळजी करण्यासारखे काही नाही.

"त्याला काय कळतंय?"

पुष्कळ घरांत मुलाला खाऊपिऊ घालतात, न्हाऊमाखू घालतात. पण त्याच्याशी बोलत नाहीत. का, तर म्हणे, "एवढंसं पोर. त्याला काय कळतंय?"

त्याला कळते. बोलता येण्याच्या कितीतरी आधी कळते. "बाबा कुठाय?" म्हटले की बोलता न येणारे बाळ दाराकडे पाहते. आधी शब्द कानातून आत जातात. ते आत साठतात. मग एक दिवस तोंडातून बाहेर पडतात. कणगीत धान्य भरले नाही तर काढणार कुठून? मुलाच्या बोलण्याचेही तसेच आहे.

दीड वर्षाच्या मुलाला थोडे शब्द येतात. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडते. "दूध दे." "आजी गेली." तीन वर्षांचे मूल लहान लहान वाक्ये बोलते. चार वर्षांचे मूल दिवसभराची हकिकत सांगते. त्यात थोडी पदरचीही घालते. त्याला खोटे म्हणू नये. ते मनाने चित्र रंगवत असते.

बोलायला वेगळा वेळ काढावा लागत नाही. भाकरी थापताना म्हणा, "बघ, पीठ मळलं. आता गोल गोल थापू. तवा तापलाय, हात लावू नको." गोठ्यात नेऊन म्हणा, "ही कपिला. हे तिचं वासरू. मोठं कोण? लहान कोण?" झाला की नाही गणिताचा पहिला धडा! बापांनीही हे करावे. मुलाशी बोलणे हे बायकांचेच काम नाही.

तीन वर्षांच्या पुढे मूल सारखे विचारते. "हे काय?" "पाऊस का पडतो?" "चांदोबा आपल्याबरोबर का येतो?" कामाच्या गडबडीत आपण चिडतो. "गप बस!" म्हणतो. दहादा गप बसवलेले मूल अकराव्या वेळी विचारत नाही. तेच मूल शाळेत गेले की गुरुजींनाही विचारत नाही. मग आपणच म्हणतो, "आमचं पोर बोलतच नाही हो." उत्तर ठाऊक नसले तर तसे सांगावे. "मला ठाऊक नाही. आपण विचारू." पण गप बसवू नये.

घरात जी बोली असेल तिच्यातच बोलावे. अहिराणी असो, वारली असो, गोंडी असो, कोरकू असो. घरची बोली हलकी नाही. जो एका बोलीत मनातले नीट सांगू शकतो, तो दुसरी भाषा लवकर उचलतो.

आणि एक सांगतो. मूल रडले की हातात मोबाईल द्यायचा, ही नवी रीत पडली आहे. मोबाईल बोलतो, पण ऐकत नाही. मुलाला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की, एक वर्षाच्या आतल्या मुलाला पडद्यासमोर बसवूच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलालाही दिवसात एक तासाहून जास्त नको. कमी तेवढे बरे. आजीची गोष्ट त्याहून स्वस्त आणि शतपटीने चांगली.

खेळ म्हणजे रिकामपण नव्हे

मूल मातीत खेळते, तेव्हा मोठी माणसे म्हणतात, "नुसतं खेळतंय." पण नीट पाहा. चिंचोके वाटताना ते मोजायला शिकते. लंगडी घालताना तोल सांभाळायला शिकते. आपला डाव येईपर्यंत थांबायला शिकते. बाहुलीला जेवू घालताना माया शिकते. हरले तरी पुन्हा खेळायला उभे राहते. हेही शिकणेच.

ताराबाई मोडक यांनी हे ओळखले. त्यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातल्या लहान मुलांसाठी काम सुरू केले. बोर्डी आज पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. बालशाळेसाठी शहरात महागडे सामान आणत. तसले सामान खेड्यात कोठून आणणार? ताराबाईंनी शिंपले, बिया, पाने, खडे, माती यांचेच सामान केले. मुले शाळेत येईनात, तेव्हा त्या शाळाच वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. पुढे हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि आदिवासी मुलांमध्ये वाढले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. तीतून गावोगाव अंगणवाड्या झाल्या. अंगणवाडीत खाऊ मिळतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ती नुसती खाऊची जागा नाही. तेथे मुलांची वजने होतात, गाणी होतात, गोष्टी होतात, खेळ होतात. तीन वर्षांच्या मुलाला तेथे रोज पाठवावे. ताईंना विचारावे, "आमच्या पोराचं वजन वाढलं का? ते बोलतं का? इतरांत मिसळतं का?"

एक जपावे. लहान मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत. ते श्वासनळीत अडकतात. शेंगदाण्यांचा कूट करून द्यावा.

घाई नको

काही पालक चौथ्या वर्षीच मुलाला बसवून अक्षरे गिरवायला लावतात. हात वळला नाही की फटका मारतात. बोटांत पुरते बळ आलेले नसते, त्याला मूल काय करील? आधी त्याला कणकेच्या गोळ्या करू द्या. शेंगा सोलू द्या. तांदळातले खडे वेचू द्या. कोळशाने जमिनीवर रेघोट्या ओढू द्या. बोटे तयार झाली की अक्षर आपोआप वळते.

पहिलीतले मूल कधी कधी अक्षर उलटे काढते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. सरावाने ते सुधारते. काही मुले डाव्या हाताने लिहितात. ती खोड नव्हे. त्या हातावर मारू नये.

सहा वर्षे पूर्ण झालेले मूल पहिलीत बसवावे, असे २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सांगितले आहे. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क २००९ सालच्या कायद्याने दिला आहे. मुलगा असो की मुलगी, हक्क सारखाच.

"ढ" म्हणण्यापूर्वी

आमच्या शाळेत एकदा पहिलीत एक मुलगी आली. हाक मारली तर ओ देत नसे. धडा म्हणायला सांगितला तर खाली पाही. मुले तिला "ढ" म्हणू लागली. बाप म्हणाला, "हट्टी आहे, गुरुजी. घरीही ऐकत नाही. शिकवून काय उपयोग? पुढच्या वर्षी धाकट्याला सांभाळायला घरी ठेवू." म्हणजे सहाव्या वर्षीच तिची शाळा सुटणार होती.

तिच्या वर्गावरच्या बाईंनी एक गोष्ट हेरली. समोरून बोलले की मुलगी ओठांकडे टक लावून पाही. पाठीमागून बोलले की तिला पत्ताच नसे. चौकशी केली. लहानपणापासून कान वाहत होता. घरी त्यात गरम तेल सोडत. तिला डॉक्टरांकडे नेले. औषधाने कान कोरडा झाला. ऐकू थोडे कमीच येई, म्हणून बाईंनी तिला पहिल्या रांगेत बसवले. दिवाळीपर्यंत ती साधे शब्द वाचू लागली. ती ढ नव्हती, हट्टीही नव्हती. तिला ऐकूच येत नव्हते.

म्हणून सांगतो, खालच्या गोष्टी दिसल्या तर वाट पाहत बसू नका.

सहा महिन्यांचे मूल आवाजाकडे वळत नाही.
दहा महिन्यांचे मूल बसत नाही.
दीड वर्षाचे मूल चालत नाही, किंवा एकही शब्द बोलत नाही.
दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नाही.
आधी येत असलेले बोलणे किंवा चालणे मूल विसरू लागते.
कान वाहतो, किंवा मूल वस्तू अगदी डोळ्यांजवळ नेऊन पाहते.

अंगणवाडीताई, आशाताई किंवा आरोग्य केंद्र यांच्याकडे जावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे डॉक्टर अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासायला येतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. कानात तेल घालू नका. अंगारा, गंडा बांधून थांबू नका. दोष लवकर कळला तर उपाय होतो. उशीर झाला तर मुलाची वर्षे वाया जातात, आणि गेलेले वर्ष पुन्हा येत नाही.

ध्यानात ठेवा

१. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध.
२. मूल बोलत नसले तरी त्याच्याशी बोला.
३. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप बसवू नका.
४. खेळ हा मुलाचा अभ्यासच आहे.
५. "ढ" म्हणण्यापूर्वी कान आणि डोळे तपासून घ्या.

विचार करा आणि सांगा

१. तुमच्या घरातले लहान मूल आज काय नवे शिकले?
२. काल त्याने कोणता प्रश्न विचारला? तुम्ही काय उत्तर दिले?
३. तुमच्या वस्तीत कान वाहणारे मूल आहे का? त्याच्या आईबापांना तुम्ही काय सांगाल?

घरी करा

तुम्ही आता वाचू लागला आहात. आज रात्री मुलाला जवळ घेऊन बसा. या धड्यातल्या चार ओळी शब्दांवर बोट फिरवत मोठ्याने वाचा. अडखळलात तरी चालेल. कागदावरच्या या काळ्या खुणा बोलतात, हे मुलाला तुमच्या तोंडून प्रथम कळू द्या. मग पाटी हाती आली की ते तिला भिणार नाही.