डिझायनर कपड्याची पारख

‘डिझायनर’ या शब्दावरून कपडा कोणी बेतला एवढेच कळते. सूत कशाचे, विणकाम हातमागाचे की यंत्रमागाचे, आणि ते झाले कुठे, यांतले काहीच त्यातून कळत नाही. भाव मात्र बहुधा याच तीन गोष्टींच्या नावाने सांगितला जातो.

मुंबईत डिझायनर कपड्यांची दुकाने काळा घोडा परिसरात बरीच आहेत. ज्या पुतळ्यामुळे हे नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तिथून हलला, नाव राहिले. १९९९ पासून तिथे कला महोत्सव भरतो आणि त्यात कारागीर स्वतः माल मांडतात. नेरळजवळच्या पोशीर गावच्या माणसाला तिथे जायचे तर नेरळ गाठून कर्जत लोकलने सीएसएमटीपर्यंतचा प्रवास आहे. कपडा बदलून आणण्यासाठी पुन्हा खेप घालणे म्हणजे अख्खा दिवस गेला. त्यामुळे पारख दुकानातच उरकलेली बरी.

प्रस्तुत लेखिकेने ती उरकली नाही. भाचीच्या साखरपुड्यासाठी ‘हातमागाची पैठणी किनार’ असलेले जॅकेट तिने ६,८०० रुपयांना घेतले. आदल्या रात्री इस्त्री टेकताच किनार आक्रसली, चिरमटली, इस्त्रीच्या टोकाला चिकटली आणि जळक्या प्लास्टिकचा वास घरभर पसरला. रेशीम असे वितळत नाही. त्याचा धागा जाळला तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते; पॉलिस्टरचा मात्र कडक मणी होतो.

पारंपरिक पैठणीच्या पदरावरचे मोर-मुनिया दोन्ही बाजूंनी जवळपास सारखे दिसतात. नकलेत मागच्या बाजूला सुटे किंवा कापलेले धागे लोंबतात. साडी उलटून हे पाहता येते. जॅकेटला अस्तर असते आणि फसगत तिथेच होते. अशा वेळी शिलाईत सोडलेली माया उसवून दाखवायला सांगावे. कापडाची खात्री असलेला दुकानदार त्याला आढेवेढे घेत नाही, असा लेखिकेचा नंतरचा अनुभव आहे. यंत्रमागाचे कापड वाईट असते असे मुळीच नाही. भिवंडीच्या मागांवरच्या कापडावर कित्येक घरे चालतात. फक्त त्याला हातमागाचा भाव देऊ नये.

खुणांचे अर्थही नीट समजून घ्यावे लागतात. ‘सिल्क मार्क’ असेल तर रेशीम शुद्ध. ते हातमागावर विणले की नाही, हे ती खूण सांगत नाही. ‘हँडलूम मार्क’ हातमागाची ग्वाही देतो, रेशमाची नाही. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा संबंध ती विणली जाते त्या प्रदेशाशी. ‘खादी’ हा शब्दही मनाला येईल तसा वापरता येत नाही; त्यासाठी २०१३ पासून खादी मार्कचे नियम आहेत. खूण तयार कपड्याला लावलेली आहे की नुसती दुकानाच्या भिंतीवर टांगलेली, हेही पाहावे.

पावतीकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्यावे. लेखिकेच्या पावतीवर ‘डिझायनर जॅकेट, १ नग’ एवढेच होते, आणि दुकानदाराने तोंडी काय सांगितले ते सिद्ध करायला हाती काही उरले नाही. ‘रेशमी किनार, हातमाग’ हे शब्द पैसे देण्याआधीच पावतीवर लिहून घ्यावेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल पावतीवरच्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा त्याच प्रथेत मोडते. दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवता येते. ती नोंदवेपर्यंत कपडा धुऊ नये, उंची-रुंदीत फेरफार करू नये आणि कपड्याची चिठ्ठी कापून टाकू नये.